पळायच्या आधी

कापसाची दुसरी वेचणी अंगावर आली आणि वेचायला माणूस मिळेना. नांदूरघाटच्या आसपासची निम्मी घरं दिवाळी झाली की कुलूप लावून ऊसतोडीला साखर कारखान्यांकडं जातात. डिसेंबरात गावात उरतात ती म्हातारी माणसं, शाळेतली लेकरं आणि ज्यांच्यापाशी पोटापुरतं रान आहे असे थोडे. धर्मराजचं घर त्या थोड्यांतलं. चार एकर कापसाची पऱ्हाटी, दहा-बारा शेरडं, आणि वाकायला घरच्याच तीन बाया: धर्मराजची आई दगडाबाई, थोरली सून विजयमाला आणि धाकटी मनिषा. थोरला भाऊ भागवत तेलगावकडं उसाच्या ट्रकवर होता. तो पंधरवड्यातून एकदा यायचा आणि आला की झोपायचा.

अशात शाळेतून निरोप आला, की दोघी जावांनी येऊन भेटावं.

मनिषाची अंजू सहा वर्षांची, पहिलीत. विजयमालाचा सुरज सात वर्षांचा, दुसरीत. पहिली-दुसरी एकाच खोलीत बसायची. दोघी जावा कमरेची कापूस भरायची ओटी सोडून रानातून तशाच गेल्या. बोंडांच्या वाळक्या टोकांनी मनिषाची बोटं चिरली होती. ती तिनं पदराखाली धरली.

सुग्रीव सर भला माणूस होता. दोन वर्ग, छत्तीस लेकरं आणि एकटा जीव. त्यांनी दोघींना व्हरांड्यातल्या बाकावर बसवलं. आतली पोरं माना लांब करून बघत होती.

"सुरजचं आता बरं हाय," सर म्हणाले. "आधी खिडकीला लटकायचा, आता दहा मिनिटं तरी बसतोय. पण अंजूचं काय करू सांगा. या आठवड्यात चार वेळा वर्गातनं पळाली. काल हापशापाशी सापडली. हाक मारली तर बघत नाही. परवा धरून बसवली तर माझ्या हाताला चावली."

त्यांनी मनगट पुढं केलं. दातांचे बारीक वण अजून दिसत होते. मनिषाला जमीन फाटावी असं झालं.

"आमच्या सुरजासारखंच हाय तिचं," विजयमाला म्हणाली. "येकाच घरातली लेकरं. केजच्या डॉक्टरनं त्याला एडीएचडी, म्हंजे लई चंचलपणा, हाय म्हून सांगितलं, तसंच हिचं."

"मला बी तेच वाटतंय," सर म्हणाले. "पण सुरजला सांगितलेलं सगळं हिच्यावर करून बघितलं, उलट वाढलं. दुसऱ्या पोरांच्या आया बोलायल्यात. थोडे दिवस घरीच ठेवा. दाखवून आणा, मग बघू."

अंजू त्या वेळी व्हरांड्याच्या कडेला बसून सगळ्यांच्या चपला एका रेषेत लावत होती. मनिषानं तिला उचललं, तशी ती ताठ झाली आणि रडायला लागली. मनिषानं आधी तिला शेवटची चप्पल लावू दिली, मग हात धरून बाहेर काढलं. पोरं हसली.

सरांचं बोलणं मनिषाच्या डोक्यात राहिलं, कारण घरीही तसंच झालं होतं. सुरजला केजच्या डॉक्टरनं छापील कागद दिला होता. एका वेळी एकच काम सांगा. काम लहान द्या, झालं की लगेच पाठीवर थाप द्या. मधे उठून पळू द्या, कंटाळा येण्याआधी खेळ बदला. विजयमालानं तो कागद भिंतीला चिकटवला आणि मनापासून पाळला. दोन महिन्यांत सुरज जेवायला बसला की जेवून उठू लागला. मग दगडाबाई म्हणाली, येकच दुखणं तर येकच औषध, हिला बी तसंच करा. तेव्हापासून अंजूच्या हातातला खेळ दर थोड्या वेळानं बदलला जायचा आणि दर वेळी ती डोकं भिंतीवर आपटायची. पाठीवर थाप बसली की अंग चोरून पळायची.

"आत्याबाई, मी हिला बीडला नेती," त्या रात्री भाकरी थापता थापता मनिषा म्हणाली.

"आन् कापूस?"

"येका दिसाचं काम हाय."

"दवाखान्याचं कधी येका दिसात झालंय का," दगडाबाई म्हणाली, पण नको म्हणाली नाही.

बीडला लहान मुलांची वाढ तपासणाऱ्या डॉक्टर मंगळवारी बसायच्या. बाई पन्नाशीच्या होत्या, केस आखूड, बोलणं सावकाश. त्यांनी अंजूला धरलं नाही की खुर्चीत बसवलं नाही. जमिनीवर चटई होती, तिच्यावर डबे होते. अंजू एका डब्याचं झाकण फिरवत बसली. डॉक्टरांनी मनिषाला बोलतं केलं. पोरगी कधी चालली, कधी बोलली, काय खाते, कशी झोपते. मनिषानं सगळं सांगितलं आणि शेवटी विचारलं, "म्याडम, माज्या जावंच्या पोराला एडीएचडी हाय. हिचं बी तेच का?"

"असेल, नसेल," डॉक्टर म्हणाल्या. "एडीएचडी आणि आणखी एक, अशा दोन्ही प्रकारची मुलं जागेवर थांबत नाहीत, हाक ऐकत नाहीत, अंगावर येतात. वरून सारखंच दिसतं. दुसऱ्याला ऑटिझम म्हणतात, मराठीत स्वमग्नता. काही मुलांत दोन्ही एकदम असतात. म्हणून मी आज नाव देणार नाही. आज कान तपासून घेऊ. दोन आठवड्यांनी पुन्हा या, तेव्हा मी तिच्याशी दोन तास खेळेन. तोवर तुम्ही एक काम करायचं."

"सांगा."

"मूल पळताना काय करतं ते सगळेच सांगतात. मला पळायच्या आधी काय झालं ते हवंय. तिच्या अगदी जवळ कोण होतं, कसला आवाज होता, हातातलं काय सुटलं. आणि पळून कुठं जाते. दिवसभर तुमच्या नजरेसमोर असते का?"

"मी कापसात असती, ती बांधावर."

"मग तुमच्याइतकं कुणालाच दिसणार नाही."

कान चांगले निघाले. मनिषा एसटीत बसली तेव्हा हातात नवीन काही नव्हतं, फक्त दोन आठवड्यांनंतरच्या मंगळवारची चिठ्ठी. तरी तिला हलकं वाटत होतं. बघण्याचं काम तिला येत होतं. माहेरी ती बापाच्या मेंढरांमागं वाढली. कळपातलं कुठलं मेंढरू आज चरता चरता थांबतंय, हे तिला बापाच्या आधी कळायचं.

दुसऱ्या दिवसापासून तिनं वेचायची पात, म्हणजे झाडांची ओळ, धरली ती बांधाच्या बाजूची. दोन्ही हातांनी बोंडं मोकळी करायची, ओटीत टाकायची, आणि दर चार झाडांनी मान वळवायची. लिहायला हात मोकळा नव्हता. ती मनात धरून ठेवायची आणि दुपारी भाकरी खाताना मोबाइलवर स्वतःच्याच आवाजात भरून ठेवायची. धर्मराजनं तिला एकदा तसं बोलताना पाहिलं.

"कुणाशी बोलायलीस?"

"म्याडमसाठी सांगून ठेवायली."

तो हसला, मग हसायचं थांबून म्हणाला, "काल सांजच्याला ती फवारणीचा पंप चालू केल्यावर पळालती. ते बी सांग."

शनिवारी शाळा अर्धी असायची. त्या दिवशी सुरज रानात आला आणि दोन्ही लेकरं शेजारी शेजारी दिसू लागली. सुरजनं काठी घेतली, तिचा ट्रॅक्टर केला, दोन काकऱ्या नांगरल्या. तेवढ्यात होला उडाला, काठी टाकून त्याच्यामागं गेला. वाटेत विहिरीची मोटर दिसली, तिथं थांबला. मग "काकी, बग, बग मी कुठं चढलो" म्हणून झाडावरून ओरडला. मनिषानं बघितलं नाही तोवर ओरडतच राहिला. दगडाबाईनं डोळे वटारले तसा मुकाट्यानं खाली उतरला, तोंड पाडून तिच्या पदराशी येऊन बसला, आणि घटकाभरात सगळं विसरून पुन्हा पळाला.

अंजू तेवढा सगळा वेळ एका जागी होती. तिनं रिकाम्या बोंडांच्या टरफलांची ओळ मांडली होती, बांधाच्या या टोकापासून चिंचेपर्यंत. सगळी तोंडं एका बाजूला. सुरजनं पळता पळता त्यातली चार लाथाडली. अंजू किंचाळली, स्वतःच्या हाताला चावली आणि पळत सुटली. मनिषानं तिला गाठलं ते शेडच्या मागं, जिथं कुणी नव्हतं.

मनिषा तिथंच तिच्यापासून हातभर अंतरावर बसली. तिच्या ध्यानात एकेक येत गेलं. अंजूनं आजवर कधी बोट दाखवून "आई, बग" म्हटलं नव्हतं. पाणी हवं असलं की ती मनिषाचं मनगट धरून तांब्यावर नेऊन ठेवायची, तोंडाकडं न बघता. "भाकर खायची का?" विचारलं की "भाकर खायची का" एवढंच म्हणायची. पण नांदूरघाटच्या बाजारातल्या भोंग्यावरचं सगळं बोलणं तिला पाठ होतं, तशाच आवाजात, तशाच चालीत. आणि जिचं लक्ष लागत नाही म्हणून सगळे बोंबलत होते ती तीन तास टरफलं मांडत बसली होती.

रात्री तिनं हे विजयमालाला सांगितलं. "अक्का, सुरजा पळतो ते काही तरी दिसलं म्हून. अंजू पळती ते काही तरी सोसवंना म्हून. त्याला रोज नवं लागतंय, हिला कालचं आज तसंच लागतंय."

विजयमालाच्या कपाळाला आठी पडली. "म्हंजे माज्या पोराचा कागद तुज्या पोरीला चालत न्हाई, असं म्हण की."

"तुमचा कागद चांगलाच हाय. तो सुरजाचा हाय. हिचा येगळा पायजे."

दुसऱ्या दिवशी सुरज टरफलांकडं पळाला तेव्हा विजयमालानं त्याला बांधावरूनच एक हाक मारली आणि पाण्याची कळशी आणायला पिटाळलं.

दुसऱ्या मंगळवारच्या आधी रविवारी आभाळ भरून आलं. मोबाइलवर बुधवारी पाऊस दाखवत होते. दीड एकर पांढरं फुटून उभं होतं. भिजला असता तर कापूस पिवळा पडून झाडावरच लोंबला असता. धर्मराजनं शेजारच्या वस्तीवरून कशाबशा पाच बाया ठरवल्या, सोमवार-मंगळवार दोन दिवसांसाठी.

"मंगळवारचं बीड पुढं ढकल," तो मनिषाला म्हणाला.

"पुढची तारीख महिन्यानं भेटती. तवर शाळा बुडती."

"पहिलीची शाळा, बुडली तर काय व्हतंय," दगडाबाई चुलीपासून म्हणाली. "मी दोन लेकरं रानात वाढवली. कोणत्या डॉक्टरला दाखवाय गेलते? पोरगी लाडानं बिघडलीय. दोन दिस कडक राहा, बसती का न्हाई बग."

"सर कडक राहिलते, आत्याबाई. त्यांच्या हाताचा वण तुमी बघितला न्हाई. मी बघितलाय."

"तुजी पात कोण धरल मग?"

मनिषा म्हणाली, "मी जानार हाय," आणि भांडी घासायला बाहेर गेली. सासूसमोर असं सरळ बोलायची तिची ही पहिलीच वेळ. पण बोलल्याचं वाईट वाटत नव्हतं.

सोमवारी उजाडता उजाडता आठ बाया पऱ्हाटीत वाकल्या. आभाळ खाली आलं होतं, वारा नव्हता, अंगाला घाम चिकटत होता. दुपारपर्यंत निम्मं रान मोकळं झालं. भाकरी खायला सगळ्या चिंचेखाली बसल्या. वस्तीवरच्या छबुबाईला लेकरांचं भारी वेड. तिनं टरफलांशी बसलेल्या अंजूला मागून उचललं, मांडीवर घेतलं, गालाला गाल घासला.

"किती गोरीपान हाय गं पोरगी. बोलत कावून न्हाईस? नाव काय तुजं?"

"नाव काय तुजं," अंजू म्हणाली.

बाया खदखदून हसल्या. एकीनं टाळ्या वाजवल्या. छबुबाईनं गुदगुल्या केल्या. त्याच वेळी कापूस न्यायला आलेली पिकअप मागं घेत घेत शेडकडं निघाली, आणि मागं घेताना वाजणारं तिचं कर्कश गाणं सुरू झालं. मनिषा हात धुवायला टाकीकडं गेली होती. परत आली तेव्हा छबुबाईच्या दंडावर ओरखडा होता आणि अंजू नव्हती.

"आत्ता हितं व्हती बया," छबुबाई म्हणाली. "हातातनं निसटली."

धर्मराज विहिरीकडं धावला. विहिरीला कठडा नव्हता. विजयमाला रस्त्याकडं पळाली. बाया पऱ्हाटीत शिरल्या आणि अंजूच्या नावानं ओरडू लागल्या. दगडाबाई चिंचेखाली उभी राहून छाती बडवायला लागली.

मनिषाचेही पाय विहिरीकडं वळले. दोन पावलं गेली आणि थांबली. तिनं स्वतःला थांबवलं.

"छबुबाई, पळायच्या आधी काय झालं? सगळं सांगा."

"काय झालं म्हंजे? मांडीवर घेतली, हसलो, टाळ्या वाजिवल्या. मग ती गाडी वाजाय लागली."

"तिच्या पुढं गाडी व्हती का मागं?"

"पुढं. शेडाच्या तोंडाला."

मनिषानं मान हलवली. विहिरीवर मोटर चालू होती, तिकडं अंजू जाणार नाही. रस्त्यावर दुसरी वाहनं होती. जिथं आवाज नसेल तिथं गेली असणार, आणि शेडच्या तोंडाला गाडी होती, म्हणजे या रानात तशी एकच जागा उरत होती, शेडच्या मागं. पऱ्हाटीतून पोरीचं नाव घेत ओरडणाऱ्या बायांना तिनं हात वर करून सांगितलं, "कुणी ओरडू नगा. जिथं हाव तिथं खाली बसा." मग धर्मराजला हाताची खूण केली, मोटर बंद कर. पिकअपवाल्याला गाडी बंद करायला लावली.

रान एकदम शांत झालं. मनिषा शेडच्या मागच्या बाजूला गेली. तिथं कापसाची जुनी कोठी होती. मातीच्या जाड भिंती, वर पत्रा, कमरेएवढं दार. पहिल्या वेचणीचा कापूस आत छातीएवढा रचलेला. दाराजवळची जागा तेवढी मोकळी होती. मनिषा वाकून आत गेली. पहिल्यांदा काहीच दिसलं नाही. मग कोपऱ्यात कापसाला खळगा पडलेला दिसला आणि त्यात अंजू. पाय पोटाशी घेतलेले, दोन्ही हातांनी कान गच्च दाबलेले, डोळे मिटलेले. ओठ हलत होते. बाजारातल्या भोंग्याचं बोलणं ती अगदी हळू आवाजात म्हणत होती. नाकातोंडाजवळचा कापूस मनिषानं अलगद बाजूला केला आणि तिला हात न लावता शेजारी बसली.

मागून दगडाबाई आली. दारातच थांबली. नातीच्या कानांवरची बोटं दाबून दाबून पांढरी पडलेली तिनं पाहिली.

"हिला दुखायलंय का गं?" तिनं विचारलं. आवाज बारीक होता.

"व्हय आत्याबाई. आपल्याला जे नुसतं ऐकू येतंय, ते हिला दुखतंय."

दगडाबाई खाली बसली. अंजूचे हात सावकाश कानांवरून उतरले. तिनं आईचं मनगट धरलं आणि दाराकडं नेलं. तहान लागली होती.

संध्याकाळी बाया गेल्यावर दगडाबाईनं धर्मराजला हाक मारली. "उद्या मनिषाची पात तू धर."

"मी?" धर्मराज म्हणाला. त्यांच्याकडं गडीमाणूस कापूस वेचायला सहसा वाकत नाही. तो ओझी उचलतो.

"मग काय मी आठ हात लावून येचू? हसल्या बाया तर हसू दे. ती बीडला जाती."

मंगळवारी डॉक्टर खरंच दोन तास खेळल्या. फुगे उडवले आणि मधेच थांबल्या, बघायला की पोरगी मागते का, आणि मागताना तोंडाकडं बघते का. बाहुलीला खोटा चहा पाजला. नाव घेऊन तीनदा हाक मारली. बोट दाखवून "ते बघ" म्हणाल्या. अंजूनं बोटाकडं बघितलं, बोट दाखवत होतं तिकडं नाही. बाहुली बाजूला ठेवून तिनं कपाची बशी फिरवली आणि फिरताना बघत राहिली. मग डॉक्टरांनी मनिषाचा मोबाइल मागितला आणि तिचं रेकॉर्डिंग ऐकलं. सगळं ऐकलं. एका ठिकाणी थांबवून पुन्हा लावलं, जिथं मनिषा कोठीचं सांगत होती.

"ही स्वमग्नता आहे," त्या म्हणाल्या. "मला आता शंका नाही. तिचं लक्ष उडत नाही, उलट एका जागी घट्ट बसतं. आणि बाहेरचं फार झालं की ती निघून जाते. चंचलपणाचं वेगळं काही आहे का, ते सहा महिन्यांनी पुन्हा बघू. आज तसं दिसत नाही."

"बरी व्हईल का?"

"हा आजार नव्हे की औषधानं जाईल. ती अशीच राहील आणि शिकेल. किती, ते आत्ता मी सांगितलं तर खोटं होईल. पण तुम्ही लवकर आलात, आणि ती तुमच्याजवळ आहे, यानं पुष्कळ फरक पडतो. सुरजचा कागद सुरजलाच ठेवा. हिचं उलटं करायचं. दिवस ठरलेला ठेवा. काही बदलायचं असलं तर आधी सांगा, चित्र दाखवून सांगा. हाक लांबून मारू नका, समोर बसून बोला. आणि दर पंधरा दिवसांनी बोलणं शिकवायला इथं आणा."

मनिषाच्या डोळ्यांत पाणी आलं. ते तिनं पदरानं पुसलं आणि म्हणाली, "चित्र मला काढता येत न्हाई. मोबाइलवर फोटो चालतील का?"

"चालतील की."

बुधवारी पाऊस आला तेव्हा सगळा कापूस आत होता. धर्मराज कंबर धरून चालत होता.

सोमवारी मनिषा अंजूला घेऊन शाळेत गेली. या वेळी ती बाकाच्या टोकावर अंग चोरून बसली नाही. सरांशी उभ्यानं बोलली. "सर, त्या चारी वेळा ती कधी पळाली ते आठवा. टायमिंग सांगा."

सरांनी विचार केला. "मधल्या सुट्टीच्या आसपास. दोनदा शाळा सुटायच्या वेळी."

दोघांनीही एकदम वर बघितलं. वर्गाच्या दाराला लागूनच रुळाचा तुकडा टांगला होता, घंटा म्हणून. अंजूची जागा त्याच भिंतीला होती.

"मी येडाच की," सर म्हणाले. त्यांनी त्याच दिवशी घंटा पार कुंपणाजवळच्या लिंबाला टांगली. अंजूला खिडकीच्या कोपऱ्यात जागा दिली. तिच्या पुढ्यात मनिषानं मोबाइलवरनं छापून आणलेले चार फोटो चिकटवले: प्रार्थना, पाटी, खिचडी, घर. घंटा व्हायच्या आधी सर येऊन खिचडीच्या फोटोवर बोट ठेवायचे. पहिल्या आठवड्यात ती दोनदा पळाली. दुसऱ्या आठवड्यात एकदा. नंतर कान दाबून जागेवरच बसायला लागली. चावणं थांबायला पुरते तीन आठवडे गेले.

संक्रांत आली. दगडाबाईच्या घरचं हळदीकुंकू गावात मोठं असायचं. तीस-चाळीस बाया एकदम घरात भरायच्या, उखाणे, हशा, गोंगाट. मागच्या संक्रांतीला अंजू दिवसभर कॉटखाली रडत होती आणि मनिषाला सगळ्यांसमोर बोलणी बसली होती. या वेळी मनिषा काही म्हणायच्या आधीच दगडाबाईनं सांगून टाकलं की कुंकू अंगणात होईल, बाया तीन-तीन चार-चार येतील, आणि दुपारी तीनपासून दिवेलागणीपर्यंत चालेल. विजयमालानं ओट्यावर चटई टाकली. सुरजला तिळगुळाच्या ताटल्या इकडून तिकडं न्यायचं काम दिलं. एका वेळी एकच ताटली. तो वाऱ्यासारखा फिरत होता आणि खूश होता.

वस्तीवरच्या बायांबरोबर छबुबाई आली. ती रीतीप्रमाणं घरात शिरायला लागली, तशी दगडाबाई उंबऱ्यात आडवी उभी राहिली.

"हितंच बस ओट्यावर."

"आत कावून न्हाई?"

"आत आमची अंजू हाय. तिला गर्दी सोसत न्हाई."

"येका पोरीपायी सारी रीत बदलली?" छबुबाई म्हणाली. "हाय तरी काय तिला? तुमच्या सुरज्यासारखं वांडच हाय ना?"

मनिषाच्या हातात कुंकवाचा करंडा होता. ती थांबली. दगडाबाईनं पदर खोचला.

"सुरजाचं येगळं, हिचं येगळं," ती मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली. "सुरजाला एडीएचडी हाय. अंजूला स्वमग्नता हाय. म्हण बघू तू. येत न्हाई ना? मला बी आठ दिस लागले. वांड न्हाई, येडी न्हाई, लाडानं बिघडलेली बी न्हाई. तुला भेटायचं तर भेट. पर मागून उचलायचं न्हाई. समोर जाऊन खाली बसायचं, हळू बोलायचं, आन् ती बघंना तर वाईट वाटून घ्यायचं न्हाई."

छबुबाईनं पायातल्या चपला काढल्या, बांगड्या वाजू नयेत म्हणून कोपरापर्यंत वर सारल्या आणि एकटीच आत गेली. अंजू तिळाच्या वड्या ताटात रांगेनं मांडत होती. छबुबाई तिच्या समोर, हातभर लांब, जमिनीवर बसली.

बाहेर मनिषानं पुढच्या बाईच्या कपाळाला कुंकू लावलं.